खोली बघायला येणारी माणसं

मी मूळची चाकणच्या पल्याडची. लगीन होऊन भोसरीत आले तवा हिथं आमची बाजरी हुभी असायची, आता त्याच रानात वर्कशॉपं हायती, दिसभर लोखंड कापल्याचा आवाज. आमचं कारभारी गेल्याला सहा वर्सं झाली. पोरगा सुनंसंग वाकडला ऱ्हातो, जवळच म्हणायचं, पर त्याची शिफ्ट, नातवाचा क्लास, यायला जमत न्हाई.

तर काय सांगू तुमाला, वरच्या खोलीत आदी कालिजची पोरं ठेवलेली. पर भाडेकरू म्हंजे काय ओ, फोनवरनं भाडं टाकायचं, कानात गाण्याचे बोळे घालून जिना चढायचा आन् दार लावायचं. दिसली तर हसायची, संपलं. खोली बघायला येणारी माणसं मातुर न्यारी बघा. ती चप्पल भाईर काढत्यात, च्या घेत्यात, गाव कुठलं इचारलं की समदं सांगत्यात, गरज असती ना त्यास्नी. मला नादच लागला त्याचा. ती पोरं गेली तशी फाटकाला पाटी लावली, विद्यार्थ्यांसाठी खोली, आन् दीड वरीस खोली कुणालाच दिली न्हाई. आलेल्याला बसवायचं, बोलायचं, जाताना म्हणायचं, कळवते. खोटं कशाला बोलू, मला भाडेकरू नको व्हता, माणूस पायजे व्हतं.

मग एका दुपारी उदगीरकडचा एक बाप लेकीला घेऊन आला, स्वाती नाव तिचं, इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. मी पोहे केले, चांगलं दोन तास बसवलं. पोरीची आई ती ल्हान असतानाच गेली, घरात सैपाक तिलाच येतो, मला न्हाई येत, असं समदं सांगितलं त्यानं. मधीच त्याचा फोन वाजला, दुसऱ्या खोलीवाल्याचा, तर माज्यासमोरच म्हणाला, नको, आमाला मावशी भेटल्यात.  तरी दोघं निघताना म्या सवयीनं म्हणून गेले, कळवते.

दिस मावळायच्या आत दोघं माघारी आली. दुसरी खोली गेलेली. बाप फाटकाभाईरच हुभा, आत येईना. म्हणाला, मावशी, आमचं काही चुकलं का, लेकरू एकलं ऱ्हाणार, तुम्ही पोटाला घातलं म्हणून मी निर्धास्त झालो व्हतो. लई लाज वाटली मला. पाटी म्याच उपसली आन् चावी पोरीच्या हातात दिली.

आता स्वाती वर असती. गुणाची हाय, पर तीबी वरच आपलं रांधून खाती, दार लावूनच अभ्यास करती, कानात बोळे हायतीच. पाटी न्हाई म्हणून फाटकबी वाजत न्हाई, घर खायला उठतं कवा कवा. ऐतवारी तेवढा तिच्या बापाचा फोन येतो. मावशी, लेकरू जेवलं का? मी म्हणते, जेवलं. मग इचारतो, आन् तुम्ही? पोटच्या पोरानं कवा इचारलं न्हाई ओ. देव त्याचं भलं करो, त्या पोरीचंबी करो. एकटीसाठी कोण तवा टाकतंय, च्या-बटर खाऊन बसलेली असते मी, तरी म्हणते, व्हय, जेवले की. मग फोन ठिवते, उठते, आन् एक भाकर थापते.