वहीतलं बीपी

सिस्टर : वहीत महिनाभर रोज सकाळी एकशे अठरा, शहात्तर. आणि आत्ता दोनदा मोजलं, तर एकशे चौसष्ट, एकशे आठ. आमचं मशीन वेडं की तुमचं घरचं?

सून : जिना चढून आले ना, सिस्टर. आठवा महिना.

सासू : जिना कसला? लिफ्टनं आलो की आपण.

सून : आई, तुम्ही जरा पाणी पिऊन या.

सासू : मला नाही तहान. सिस्टर, पथ्यात मी कसूर केली नाही हं. महिनाभर घरात मिठाचा कण नाही. हिचे सासरे खिशात मीठ लपवून जेवायला बसतात.

सिस्टर : त्यांना सुखानं जेवू द्या, मावशी. अळणी खाऊन हे बीपी उतरत नाही. मीठ बेताचं चालतं. अंडं, डाळ, दूध द्या, वेफर्सच्या पुड्या बंद. पण खरं काम औषधांचं आणि तपासणीचं. घरी मोजतं कोण?

सासू : हीच. गुणाची पोर. रोज आधी माझ्या दंडाला पट्टा बांधते. म्हणते, आई, तुमचीही काळजी घ्यायला हवी.

सिस्टर : तुमचं किती येतं?

सासू : एकशे अठरा, शहात्तर. रोज चालायला जाते मी.

(सून चादरीची सुरकुती काढत बसते.)

सासू : अगं बाई. म्हणजे महिनाभर पोटुशी मीच होते तर.

सून : जास्त दिसलं की इथे ठेवून घेतात, लवकर मोकळी करतात. म्हटलं, बाळाला अजून थोडे दिवस पोटात मिळू देत.

सिस्टर : वही वाचून बाळ थांबत नाही गं. डोकं दुखतं?

सून : नाही.

सासू : धादांत खोटं. दोन दिवस कपाळाला ओला रुमाल बांधून फिरतेय.

सिस्टर : डोळ्यांपुढे काजवे?

सून : सकाळपासून.

सिस्टर : मग आज घर विसरायचं. डॉक्टरांना आत्ताच बोलावते. बीपीचं औषध सुरू होईल, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन देतील, लघवी-रक्त तपासू. बाळाचे ठोके मी स्वतः बघते. उशीर केलास, पण आलीस.

सून : रागावलात, आई?

सासू : रागावणार आहे. आधी तुम्ही दोघं धड घरी या, मग सवडीनं.

सिस्टर : पुन्हा मोजते. दंड पुढे कर.

सून : भीती वाटतेय, आई.

सासू : मग माझा हात धर. मोजायला मात्र तुझाच दे.