देवांशचं राहिलेलं मिशन

खान नदीकाठी आमच्या विधीच्या शेजारीच कुणा देवांशचा दहावा चालला होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. त्याची आई त्याच्या मित्राला विचारत होती.

"यशोधन, काय राहिलंय रे त्याचं?"

"काकू, तो पिक्चरवरचा गेम. शेवटचं मिशन अटकलंय."

"एवढा चांगला आहे तो?"

"गोळीबार एकदम सॉलिड, काकू. बाकी बेकार. आपलाच साथीदार दारात अडून बसतो. पूर्ण गेम हिरोची पाठच दिसते."

"मला पण त्याची पाठच दिसायची."

"आणि मिशनच्या मध्ये सेव्ह होत नाही. बंद पडला की पहिल्यापासून."

"म्हणून म्हणायचा, आई, पाच मिनिटं. मी ताट वाढून हाका मारायची, मग स्विचच बंद करायची."

"मग मला फोन यायचा, भिया, फिर से जीरो."

"तू पूर्ण करशील, सांग ना त्याला."

"सांगितलं, काकू. हात जोडून सांगितलं. कावळा हलतच नाही."

"सरक. देवांश, खेळ रे बाळा. आता मी स्विच बंद नाही करणार. पण आधी जेवून घे."

"काकू... शिवला."

"बघ. आज एका हाकेत आला जेवायला."