खेचराशेजारची बाई

मी मूळचा सावंतवाडीचा, आमचे अण्णा लाकडी खेळणी रंगवायचे, तेव्हा ब्रश हातात घेऊनच जन्मलो म्हणा ना. पण मला घरात बसवेना, विशीत जो गढवालला पळालो तो दहा वर्षं डोंगरातच, पाठीवर रंगांची पेटी, चहा मिळेल तिथे मुक्काम. काय सांगू तुम्हाला, काय दिवस होते ते! तिकडची माणसं भारी लाजरी, म्हणायची आमचं काय काढता, आमची म्हैस काढा, आमची बकरी काढा, आणि मग चित्र बघून भांडायची, शिंग चुकलं म्हणून. मीही मग जनावरंच नीट बघायला शिकलो.

पुढे लग्न झालं, पोटापाण्यासाठी दुबईत दुकानांच्या पाट्या रंगवायला आलो, कॉम्प्युटर आला आणि ते कामही खलास. आता इथेच दुबईत, करामा भागात मुलाकडे असतो. भिंतीवर गढवालचं एकच चित्र उरलेलं. नातू म्हणतो, आजोबा, व्हॉट अ क्यूट डाँकी. अरे गाढवा, खेचर आहे ते!

खालच्या हॉटेलातला कुक देवसिंग, गढवालीच, एकदा डबा द्यायला वर आला आणि चित्रापुढे थबकलाच. ये तो हमारा मोती है, म्हणाला. डावा कान फाटका, कपाळावर पांढरा ठिपका, त्याने बरोब्बर ओळखलं. आणि शेजारी पदर ओढून, पाठ करून खोगीर आवळणारी बाई, ती त्याची आई. तो आठ वर्षांचा असताना गेली, घरात एक फोटो नाही. म्हणाला, चाचाजी, आपने तो देखा था, चेहरा बना दो ना.

आता काय सांगू, मला मोतीची पापणीसुद्धा आठवते, पण त्या माउलीचा चेहरा काही केल्या आठवेना! लाज वाटली हो. खरं ते सांगून टाकलं. तर म्हणाला, मी सांगतो, तुम्ही काढा. दर सोमवारी सुट्टीला यायचा, नाक बसकं, नाही नाही, इतकं नाही, गाल जरा भरलेले, असं करत पंधरा-वीस कागद झाले.

परवा आला, बराच वेळ कागद चाळत बसला, मग हात जोडून म्हणाला, चाचाजी, आता बस करा. डोळे मिटले की तुमचीच चित्रं दिसतात, आई दिसत नाही.

मी त्याच्यासमोर सगळे कागद टराटरा फाडले, मोतीचं चित्र भिंतीवरून उतरवून त्याच्या हातात दिलं, म्हटलं ने बाबा, मी हिची पाठच पाहिली, चेहरा तुझा तू आठव. रडला बिचारा, मीही रडलो. आता बसल्या बसल्या देवाला एवढंच सांगतो, माझी चित्रं त्याच्या डोळ्यांपुढून पुसून टाक रे, आणि त्याला त्याची आई दिसू दे.