पहिलं लाकूड बिज्याचं नव्हतं

एकोडीच्या मंडळींनो, बायांनो, साकोलीहून आलेल्या पाहुण्यांनो,

तुम्ही सगळे आमच्या अंगणात बसला आहात, आणि माझे मालक नाहीत.  

आपल्या गावात प्रत्येक घर सरणाला एक लाकूड देतं. पहिलं लाकूड मयताच्या घरचं. मालक गेले त्या दिवशी भाऊजी कुऱ्हाड घेऊन आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बिज्याच्या झाडाकडे गेले. एक घाव पडला. लाल चीक वाहिला. मी धावत गेले. म्हटलं, "भाऊजी, राहू द्या." मग घरातली तुराट्यांची पेंढी सरणावर पहिली ठेवली. मागून कानावर आलं, "नवऱ्याले एक लाकूड नाही देल्लं बाईनं."

नाही दिलं. का नाही दिलं, ते आज सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं पुस्तकांनी शिकवलं. ती पुस्तकं मालकच साकोलीच्या बाजारातून आणायचे. एकात वाचलं, आपला काळ्या तोंडाचा वानर पुष्कळ आहे, त्याच्या जातीला सध्या धोका नाही. बिजा मात्र धोक्याच्या जवळ आला आहे. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ते तुरीतली वानरं हाकलून नुकतेच आले होते, घामाघूम.

"वानराले धोका नाही? तुया पुस्तकाले म्हण, एक दिवस तूर राखाले ये!"

"अन् बिज्याचं काय?" मी विचारलं.

ते म्हणाले, "वानर हाकललं त दुसऱ्या झाडावर जाते. बिजा कोठी जाईल? त्याले त कुऱ्हाड दिसली तरी उभंच राहा लागते."

त्यानंतर त्यांनी त्या झाडाची फांदीही तोडली नाही. कोणी नांगरासाठी मागायला आलं, कोणी चौकटीसाठी. चहा पाजला, परत पाठवलं. मग त्यांच्याच सरणासाठी मी तो कसा तोडू देऊ? तुराट्या त्यांनी राखलेल्या तुरीच्या होत्या. वानरांच्या तोंडातून वाचलेल्या. याहून त्यांचं असं घरात दुसरं काय होतं?

भाऊजी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही रीत पाळत होता. घाव वाळतो आहे, मी रोज पाहते. झाड जगेल. पण माझ्यामागे ते कोण राखेल? तुम्ही राखाल? हे मला सगळ्या गावाला विचारायचं आहे.

आता मालकांसाठी उभे राहू. थोडा वेळ कोणी बोलू नका. धुऱ्यावरच्या बिज्यावर वानरं बसली आहेत, ती ओरडतील. मालक गेल्यापासून त्यांना कोणी हाकललेलं नाही.

आज राहू द्या.