प्रत्येक घडाला टोपी

फादर, आपल्या गास गावचे सगळे शेजारी, सोपाऱ्याहून आलेली नातेवाईक मंडळी. तुम्ही एवढे सगळे आलात. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पास्कल असता तर बोलावण्याची वाट न बघता घरून सतरंज्या आणायला धावला असता.

मी रेमेदी, पास्कलची मोठी बहीण. मला बोलायला जमत नाही, भांडायला जमतं. त्याच्याशीही जन्मभर भांडतच आले. आज मध्येच आवाज चढला किंवा बसला, तर सांभाळून घ्या.

तो हार्टच्या दुखण्याने गेला, हे तुम्हाला माहीत आहे. मला त्याच्या द्राक्षांबद्दल सांगायचंय. तुम्ही सगळे त्या द्राक्षांवर हसलात. मीही हसले. पण तो काय करू बघत होता, ते कुणी नीट विचारलंच नाही.

पास्कल जपानला कुक होता. लोकांना वाटायचं टोकियोत. कसलं टोकियो! डोंगरांच्या मधोमध एक लहानसं शहर, तिथलं एक इंडियन हॉटेल. हॉटेलच्या मागे एका म्हाताऱ्याची द्राक्षबाग. म्हाताऱ्याची मुलं मोठ्या शहरात नोकरीला, बागेकडे बघायला कुणी नाही. आणि आमचा हा शहाणा सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून त्याच्या बागेत. मी फोनवर ओरडले, "अरे, फुकट कशाला राबतोस?" तर म्हणे, "बाय, इथे वेली मांडवावर चढवतात. आपल्या पप्पांच्या पानवेलीसारख्या. खाली उभा राहिलो की घरी आल्यासारखं वाटतं."

सांगा, अशा माणसाला काय बोलणार?

त्या गावात नेमका द्राक्षं पिकायच्या वेळी पाऊस येतो. म्हणून म्हातारा प्रत्येक घडाला कागदाची टोपी घालायचा. एकेका घडाला, हाताने. मग त्या द्राक्षांची वाइन व्हायची आणि ते दोघे ती चहाच्या कपातून प्यायचे. ग्लास नाही, काही थाट नाही. पास्कल सांगायचा, तिथे घरोघरी तशीच पितात.

मग म्हातारा थकला. बाग कुणी घेईना. शेवटी त्याने ती तोडून टाकली. पास्कल तिथेच होता, त्यानेच वेली ओढून काढल्या. त्यानंतर तो तिथे टिकलाच नाही. घरी आला आणि जेवायला बसायच्या आधी म्हणाला, "ती बाग मी गासला लावणार. आपल्या वाडीतल्या द्राक्षाची एक तरी बाटली करणार."

एक बाटली. एवढंच हवं होतं त्याला.

नाशिकहून रोपं आणली. पप्पांच्या पानवेलीच्या जागेवर नवा मांडव घातला. पहिले घड धरले तेव्हा मी, तो आणि त्याची बायको ग्रेसी, तिघं ओटीवर बसून कागदाला मेण लावून टोप्या करत होतो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय पास्कल, द्राक्षांचा वाढदिवस आहे काय?" हा हसून म्हणायचा, "हो, केक आणा!"

फक्त शेजारच्या काकी हसल्या नाहीत. काठी टेकत आल्या, एक पान हातात घेतलं. त्याच्या कडा करपल्या होत्या. म्हणाल्या, "पोरा, विहिरीचं पानी मचूळ झालंय. वेल जगायची नाही."

आपल्या सगळ्यांच्या घरी प्यायचं पाणी विकत येतं. का येतं, ते काय आपल्याला ठाऊक नव्हतं? विहिरीच्या पाण्याचा चहासुद्धा फाटतो. पण झाडाला चालेल, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललो. पास्कलला म्हाताऱ्याने पावसाशी लढायला शिकवलं होतं. वरून येणाऱ्या पाण्याला त्याने टोपी घातली. खालून येणाऱ्याला काय घालणार होता?

तरी मागच्या नाताळात त्याने वाइन केली. थोडीशीच झाली, एक बाटली भरेल एवढी. चहाच्या कपातून सगळ्यांना घोट घोट दिली. आपण सगळे म्हणालो, छान झालीय. फादर, तुम्हीसुद्धा म्हणालात. त्याने स्वतः घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग भांडी घासताना माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "बाय, मीठ लागतंय."

त्यानंतर तो रोज सकाळी मांडवाखाली जायचा. पानं वाळत होती, तो वाळकी पानं काढायचा. दुसरं करायला काही उरलंच नव्हतं. ग्रेसी रडली की म्हणायचा, होईल गं सगळं ठीक. आणि ती डोळे पुसायची. कुणासाठी पुसायची, देव जाणे.

हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात धरला. म्हणाला, "बाय, मांडव उतरवू नको. आणखी एक पावसाळा बघ." मी उत्तर दिलं नाही. त्याची उशी सारखी केली. नर्सने मला बाहेर काढलं, आणि मग आत जायची वेळच आली नाही.

ते उत्तर आज देते. पास्कल, मी काल विहिरीचं पाणी चाखलं रे. तोंडात धरवत नाही. एका पावसाळ्याने काय होणार? भोवती इमारती उठतायत, जमिनीखालचा उपसा चालूच आहे, खाडीचं पाणी आत सरकतंय. कुणाच्या पाया पडू? ग्रेसीने आणि मी ठरवलंय, उद्या सकाळी मांडव उतरवायचा. एकेक वेल मरताना बघायची ताकद आम्हा दोघींत नाही. बांबू चांगले आहेत, ज्याला हवे त्याने न्यावेत. मला माफ कर, बाबू.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

आणि नंतर ग्रेसीजवळ जाल तेव्हा तिचा हात धरा, पाणी द्या, काहीही करा. पण सगळं ठीक होईल, असं तिला म्हणू नका. ते म्हणणाऱ्याला आपण माती देऊन आलोय.