वास गेल्यावर

(नागपुरातली एक प्रयोगशाळा. मेघा आणि तिचे वडील प्रेमानंद.)

प्रेमानंद : पोस्टमार्टमच्या रिपोर्टात फुफ्फुसात पाणी नाही, आंगावर मार नाही. मंग आपला प्रशिक, चांगला धडधाकट पोरगा, मेला कायनं?

मेघा : वायूनं, बाबा. गोबरगॅसच्या टाकीत साठतो तो. हायड्रोजन सल्फाइड.

प्रेमानंद : तू ज्याच्यावर पीएचडी करून राहिली, तोच?

मेघा : तोच.

प्रेमानंद : तू तर म्हणे, तो आपल्या आंगातच बनते.

मेघा : बनतो. अगदी कणभर. पेशी त्यानं एकमेकींना निरोप देतात, त्यातून थोडी ऊर्जाही काढतात.

प्रेमानंद : मंग तुह्या भावाले काहून मारलं त्यानं?

मेघा : जास्त झाला, की पेशीतलं ऊर्जेचं कामच बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो.

प्रेमानंद : म्हणूनच प्रशिकनं आवाज नाही देल्ला.

मेघा : हो.

प्रेमानंद : पण गाळ काढाले त्याले असंच नाही उतरवलं वं. झाकण काढलं, तं सडक्या अंड्यावानी वास. पोरगा म्हणे, डोळे चुरचुरते. मी म्हणलो, थांब. काठावरच बसलो दोघं. थोड्या वेळानं वास गेला. पुरा गेला. मंग म्हणलो, जाय आता. वास गेला म्हणजे गॅस गेला ना?

मेघा : चला, घरी जाऊ. सकाळपासून जेवला नाहीत तुम्ही.

प्रेमानंद : कालेजात तू शिकवते ती पोरं विचारते, तवाही जेवाले धाडतेस का?

मेघा : टाकी बंद केली ना?

प्रेमानंद : कशी करू? गाळ तसाच हाये आत. तुह्या मावशीचा सौरव उद्या उतरतो म्हणे.

मेघा : उद्या?

प्रेमानंद : वास गेल्यावरच उतरन. सांगतलं मी त्याले.

मेघा : बाबा, गॅस गेला नव्हता. तो जास्त असला की नाक बधिर होतं. वास येत नाही, गॅस तिथंच असतो.

प्रेमानंद : म्हणजे मी 'जाय' म्हणलो तवा...

मेघा : तेव्हा टाकी गॅसनं भरलेलीच होती.

प्रेमानंद : खोटं बोलली असती, तरी चाललं असतं मले.

मेघा : सौरवला नसतं चाललं. थांबा, त्याला फोन लावते.

प्रेमानंद : तू नको बोलू. तू गॅसचं नाव सांगशीन, तो ऐकनार नाही. मले दे फोन. प्रशिकले मी काय म्हणलो होतो, ते सांगतो त्याले.