चांदीचा डाख

तसं नाही रे सुमेध, आधी पंपावरून हात काढ. झालाय ना मारून? दाबाची सुई कुठवर नेलीस ते बघितलं मी, आता ती आहे तिथं राहू दे आणि माझ्याकडे बघ. तुला मुद्दाम लवकर बोलावलं. ह्यांना सांगितलंय, सुमेध चहाच्या वेळेला येईल — आणि पिटाळलंय चर्चच्या मैदानावर, रूळ सरळ मांडलेत का बघून या म्हणून. येतीलच एवढ्यात. त्याच्या आत मला बोलून घ्यायचंय, आणि तू मध्ये मध्ये ‘काकी, काकी’ करू नकोस, मग माझं राहून जातं.

इंजिनाचा बॉयलर उत्तम आहे, हेच सांगणार ना तू? दिसतंय तोंडावर. आत पाणी ठासून भरलंय, वाफेला लागतो त्याच्या दुप्पट जोर दिलायस, आणि बाहेर एक थेंब नाही. मला माहीत आहे. काल दुपारी हे झोपले होते तेव्हा मीच पंप मारून बसले होते इथं, ह्या स्टुलावर, वाल सोलत. वाल सोलून झाले, सालं कोंबड्यांना टाकून आले, तरी सुई ढिम्म. तर आता ऐक — हे आले की तू सांगायचं, बॉयलर गळतोय.

हसतोस काय? मी मस्करी करते असं वाटतं का तुला? फादरनी अट घातलीय ना — रविवारी सणाला गावची पोरं ह्यांनी घरी बनवलेल्या ह्या छोट्या गाडीत बसणार, तर बॉयलर कळणाऱ्या माणसानं आधी बघायचा, त्यानं हो म्हटलं तरच गाडी मैदानात. आणि नाव कोणी सुचवलं? ह्यांनीच. म्हणाले, माझ्या हाताखाली रेल्वेच्या वर्कशॉपात शिकलेला पोरगा आहे, आता मोठ्या कंपनीत बॉयलरच तपासतो, तो माझी भीड ठेवणार नाही. तर नको ठेवू भीड. एक शब्द बोल, ‘गळतो’ म्हण, म्हणजे इंजिन घरी राहील. सण काय दर वर्षी येतो, पुढच्या वर्षी बघू म्हणतील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

का म्हणजे? तू ह्यांचा उजवा हात बघितलास का? नाहीच बघितलास, कारण ते दाखवत नाहीत. सकाळी तू फोन केलास तेव्हा रिसीव्हर कुठल्या हातात होता, तुला काय दिसणार. उजवा हात कायम पँटच्या खिशात. इतकी वर्षं चर्चमध्ये मिस्साला कम्युनियनची भाकर हातावर घ्यायचे, आता जिभेवर घेतात. फादरना वाटलं ह्यांची भक्ती वाढली, मला म्हणाले पण तसं, क्लेमेंटीन, इग्नेशियस फार श्रद्धाळू झालाय गं. कसली श्रद्धा — हातावर ठेवलं तर अख्ख्या नंदाखाल गावाला दिसेल ना, हात कसा नाचतो ते. कंपवात म्हणतात डॉक्टर. गोळी लागू असते तोवर बरं असतं, गोळी उतरली की एक तर नाचतो, नाही तर लाकूड होतो, जागचा हलत नाही. आणि कधी काय होईल ते त्यांनाही कळत नाही.

गेल्या आठवड्यात वाडीत चालवून बघितली. केळींच्या कडेकडेनं रूळ टाकले, पोरांच्या वजनाच्या म्हणून डब्यांवर नारळाच्या गोणी ठेवल्या — ते सगळं अगदी रेल्वेसारखं, शिट्टी काय, झेंडी काय. कोळसा पेटला, वाफ धरली, आणि खरं सांगते, गुडघ्याएवढं ते इंजिन पण असं दमदार निघालं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वळण आलं. वेग कमी करायचा, वाफेच्या रेग्युलेटरचा दांडा ओढून बंद करायचा — आणि हात हलेना. दांड्यावर हात तसाच, आणि डोळे माझ्याकडे. ते डोळे मी विसरत नाही. इंजिन तसंच वळणात घुसलं, मागचा डबा उलटला, नारळ विहिरीपर्यंत घरंगळत गेले. मी धावत जाऊन दांडा ओढला, हा बघ अजून चट्टा आहे मनगटावर. आणि हे उठून काय म्हणाले? रुळाचा सांधा नीट बसला नव्हता. मी म्हटलं हो, सांधाच नीट नव्हता. नारळ गोळा करून आम्ही घरात आलो, चहा प्यायलो. त्याच डब्यावर रविवारी आमच्या मुलीची, टिफनीची धाकटी बसणार आहे. तिला फ्रॉकसुद्धा निळा शिवलाय, इंजिनाला मॅचिंग.

सांगून बघितलं रे. तुला काय वाटतं, सांगितलं नसेल? म्हटलं, ह्या वेळी फर्डिनंडला चालवू द्या, तुमचाच चुलत भाऊ आहे, तुम्ही बाजूला उभे राहून शिट्टी मारा. तर घरच्या वर्कशॉपला कुलूप घातलं, ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. भांडले असते तर चाललं असतं मला. पण तसे गप्प बसून राहिले ना, की मी घाबरले, मीच किल्ली हातात आणून दिली, म्हटलं, तुम्हीच चालवा. आता फादरना जाऊन सांगू का, की ह्यांच्या हाताचा भरवसा नाही? मग मैदानात, दुकानात, बसस्टॉपवर सगळे त्या खिशाकडेच बघणार. ते नको मला. बॉयलर गळतो म्हटलं की कोणाची इज्जत जात नाही. तांबं आहे, डाख देऊन जोडलेलं आहे, गळतं कधी कधी. तुझं पण नाव खराब होत नाही, उलट म्हणतील, पोरगा कडक आहे.

कुठला जोड विचारतील, हो, ते विचारणारच. भट्टीच्या तोंडाचा सांग. का, तो का नको? सगळ्यांत सुबक तोच म्हणून? तुझी नजर बरी आहे. डाख कसा गोल पळालाय बघ, कुठं गाठ नाही, कुठं खळगा नाही — त्याला तांबं अगदी गुलाबी व्हावं लागतं, जरा जास्त तापलं की प्लेटच बसते, मी तर श्वास धरून — म्हणजे, हे श्वास धरून...

बरं. ऐकलंस तर ऐकलंस. माझा आहे तो.

लग्नाआधी मी दागिन्यांच्या कारखान्यात होते, तुला कुठून माहीत असणार. चांदीचा डाख लावायचंच काम. सोनार बांगडीला लावतात तोच इथं बॉयलरला लागतो, फक्त बांगडी मोठी. सुरुवातीला हेच लावायचे. सकाळी बत्ती घेऊन बसायचे, जोडाला सवागी, तो टाकणखार, लावायचे, डाखाची सळई टेकवायला गेले की हात नाचायचा आणि डाख भलतीकडे. मग टाकून द्यायचे सगळं आणि जेवून झोपायचे. मी काय केलं, तो जोड साफ केला आणि परत लावला, एवढंच. उठून आले, चष्मा लावून बघितला, म्हणाले, बघ क्लेमेंटीन, जमला. मी म्हटलं, जमणारच. असाच एक एक करत सगळा बॉयलर झाला. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. माझ्या मुलींनासुद्धा माहीत नाही. तूच पहिला, आणि तुलाच मी सांगते की त्याला वाईट म्हण. वाटतं रे वाईट, का नाही वाटणार? आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही. पण तू म्हण.

फाटक वाजलं. उभा राहा नीट, असा चोरासारखा नको बघू.

आलात? रूळ बघितले? बरं झालं. हा लवकर आला, मग म्हटलं तपासून घे. झालं तपासून. सांग, सुमेध... सांग ना. तो काय सांगणार, तुमचाच चेला, जीभ उचलत नाही त्याची तुमच्यासमोर. मीच सांगते. गळतोय. भट्टीच्या तोंडाशी. पुन्हा तापवावं लागेल म्हणतो, रविवारपर्यंत काही व्हायचं नाही. बसा आधी, दमून आलात. नाही, तुमची चूक नाही काही, तुम्ही लावलेला नाही तो. तो मी लावला होता, तुम्ही झोपला होतात तेव्हा, मलाच नीट जमला नसणार...

काय म्हणालात?

‘क्लेमेंटीनचा जोड गळायचा नाही’?

सुमेधला काय विचारताय, माझ्याकडे बघा. कधीपासून माहीत आहे तुम्हाला? पहिल्यापासून? पहिल्या जोडापासून, आणि मला एका शब्दानं नाही. दोन वर्षं मी वाट बघते कोणीतरी हे म्हणावं म्हणून, आणि तुम्हाला आज, आत्ता म्हणायचं होतं. आता हा काय बोलणार? हा हो म्हणणार, आणि रविवारी तुम्ही त्या सीटवर बसणार.

नाही गळत. एक थेंब गळत नाही. बॉयलरला काही झालेलं नाही, तुमच्या हाताला झालंय. पोरांना मागे घेऊन तुम्ही चालवायची नाही, मी चालवू देणार नाही. तुम्ही जेवला नाहीत तरी चालेल मला.

सुमेध, तू नीघ बाबा आता. चहा राहू दे.